घटकाभर जू उतरवून ठेव

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"ताई, नमस्कार. नाव छापू नका प्लीज. वय ४८, डोंबिवलीला राहते, नोकरी करते. घरी सासूबाई आहेत, त्यांना हार्टचा त्रास आहे, मुलगा शिकायला जर्मनीत. संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणायची सवय लग्नाआधीपासूनची, आईकडून आलेली. आता हरिपाठ पण मोबाईलवर बघूनच म्हणते आणि मधेच वरून मेसेज उतरतो, बघू नको म्हटलं तरी बघते, मग सोसायटीचा ग्रुप, मग कोणाचं तरी रील, आणि भानावर येते तेव्हा निरांजन शांत झालेलं असतं आणि हरिपाठ अर्धाच राहिलेला. जप करताना मनातल्या मनात मेसेजची उत्तरं लिहीत असते. आई गेली दीड वर्षापूर्वी, तेव्हापासून हे जरा जास्तच झालंय. दोनदा फेसबुक, इन्स्टा डिलीट केलं, आठ दिवसांत परत घेतलं. मिस्टर म्हणतात सरळ इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन दहा दिवस बस. मला विचारायचंय की देवापुढे बसून असं वागणं म्हणजे पापच ना? आणि फोन पूर्ण सोडल्याशिवाय साधना होणारच नाही का? आईची हरिपाठाची पोथी कपाटात वरच्या खणात आहे, तिला हात लावायची पण लाज वाटते."

अगं, तुला तूच म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. तुझं पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं, येता जाता वाचत होते, कारण त्यात तू विचारलेले प्रश्न दोन आहेत पण न विचारलेला तिसरा एक आहे, आणि मला वाटतं खरं दुखणं तिकडेच आहे. त्यावर येते नंतर.

आधी पापाचं बघू कारण तेच तुला सगळ्यात जास्त टोचतंय. नाही गं, पाप नाही. मन जागेवर राहत नाही ही तक्रार तुझ्याआधी अर्जुनाने केलेली आहे, गीतेच्या सहाव्या अध्यायात, की कृष्णा हे मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. आणि कृष्ण त्याला रागवला नाही, तुझं भक्तीत लक्ष नाही असंही म्हणाला नाही, आधी सरळ मान्य केलं की हो, मन चंचल आहेच आणि आवरायला अवघडच आहे, आणि मग सांगितलं की अभ्यासाने आणि वैराग्याने ते ताब्यात येतं. त्याच अध्यायात थोडं आधी असं आहे की हे मन जिथे जिथे बाहेर पळेल तिथून तिथून त्याला परत आणावं. हे "तिथून तिथून" मला फार धीर देतं. म्हणजे ते पळणार हे गृहीतच धरलंय. तू एका हरिपाठात चाळीस वेळा भरकटलीस आणि चाळीस वेळा परत आलीस तर तो चाळीस वेळा केलेला अभ्यास झाला, चाळीस चुका नाही झाल्या. तुझी अडचण भरकटण्याची नाहीच, तुझी अडचण अशी आहे की फोन हातात असताना परत येणं फार उशिरा होतं, निरांजन शांत होईपर्यंत होतच नाही.

आता यात तुझा दोष किती आणि त्या वस्तूचा किती हे पण नीट बघ, कारण सगळं स्वतःच्या माथी मारून घेतलं की माणूस फक्त रडतो, सुधारत काही नाही. तुझी आई हरिपाठ म्हणायची तेव्हा तिचंही मन भरकटत असणारच, दूध गॅसवर आहे, उद्या पाणी येणार नाही, धाकट्याचा ताप उतरला का. पण त्या विचारांना शेवट होता. दूध उतरवलं की विचार संपला, परत अभंगावर आली. आणि ती जी पोथी बघत होती तिलाही शेवट होता, आपल्याकडे कुठलीही पोथी घे, अध्याय संपला की "इति" म्हणून सांगते की आता थांब, कीर्तन आरतीने संपतं, भजन भैरवीने संपतं. फोनवर हे "इति" मुद्दाम काढून टाकलेलं आहे. आधी वेबसाइटचं पान संपायचं, खाली पुढचं पान असं बटण असायचं, आणि ते दाबायच्या आधी क्षणभर का होईना माणूस विचार करायचा की बस झालं आता. २००६ च्या सुमारास अझा रास्किन नावाच्या एका डिझायनरने असं डिझाइन केलं की पान संपतच नाही, खाली जाल तसं नवीन येतच राहतं, आणि पुढे त्यानेच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात भर म्हणजे दर वेळी काहीतरी चांगलं मिळतंच असंही नाही, दहा फालतू गोष्टींनंतर एक छान निघते, आणि पुढची छान कधी येईल ते माहीत नसतं म्हणून अंगठा थांबत नाही. जुगाराच्या मशीनवर माणूस बसून राहतो ते याच कारणाने. तेव्हा तू देवाला सोडून कुठे गेलीस असं नको समजू, तू अशा रस्त्यावर चालतीयेस ज्याला मुक्कामच ठेवलेला नाही.

मी मूळची परभणीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे श्रावणातल्या अमावस्येला पोळा असतो आणि आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून ओढून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, कातडी जाड आणि काळी झालेली, तर संध्याकाळी वडील बैलांना नदीवर नेऊन धुवून आणायचे आणि मग त्या खांद्यावर तूप-हळद चोळायचे, बराच वेळ, काही न बोलता. आणि शेवटी बैलाच्या कानाशी म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्या बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही, कितीही काम अडलेलं असू दे. लहानपणी मला तो सण म्हणजे पुरणपोळी आणि मिरवणूक एवढाच वाटायचा. आता या वयात मला ती आदल्या संध्याकाळची खांदेमळणी आठवते. वडील बैलाला सुट्टी देताना त्याच्यावर चिडलेले नसायचे. वर्षभर नीट चाललास का, कधी बांध ओलांडलास, असा हिशोब नसायचा. थकलाय, खांदा दुखतोय, एवढंच बघायचे.

आणि तू स्वतःच्या मनाशी कशी वागतीयेस बघ. दोनदा अ‍ॅप डिलीट केलंस ते रागाने, शिक्षा म्हणून. शिक्षा आठ दिवस टिकते, त्यापुढे नाही टिकत. तुझं मन दिवसभर ऑफिसचे मेसेज, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं भांडण, सासूबाईंच्या गोळ्या, जर्मनीतल्या मुलाचं शेवटचं ऑनलाइन किती वाजता दिसलं, हे सगळं ओढतंय, आणि संध्याकाळी दिव्यापुढे बसवल्यावर तू त्याला परत कामालाच लावतीयेस, की चल आता एकाग्र हो. त्याला आधी जू उतरवून हवंय. मी याला साधना म्हणते आणि मनापासून म्हणते, मन गप्प बसवणं ही पुढची पायरी झाली, पहिली पायरी म्हणजे मनाला ओढायला काही न देणं, ठरलेल्या वेळेला, रोज, प्रेमाने.

यात मला आपल्याच कोकणातली एक गोष्ट फार जवळची वाटते. अलिबाग, पेण, नवगाव या भागात बेने इस्रायली लोक शेकडो वर्षं राहिले, मराठी बोलणारे ज्यू, बरेचसे तेलाचा घाणा चालवायचे. आजूबाजूचे लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. गिऱ्हाईक येवो, न येवो, शनिवारी तेल गाळायचं नाही. त्यांच्या धर्माच्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, जी आज्ञा आहे तिच्यात नुसत्या माणसाला नाही, घरातल्या नोकरमाणसाला आणि गुराढोरांनाही त्या दिवशी विश्रांती आहे. म्हणजे घाण्याचा बैल पण त्या दिवशी मोकळा. घाण्याचा बैल आपण शिवी दिल्यासारखं वापरतो, डोळ्याला झापडं आणि दिवसभर त्याच गोलात, आणि रात्री साडेअकराला पलंगावर पडून अंगठा फिरवत बसलेला माणूस बघितला की मला तोच आठवतो, पण त्या बैलालासुद्धा आठवड्यातून एक दिवस देवाच्या नावाने झापडं काढून मिळत होती गं. आजही जे ज्यू कुटुंब शब्बाथ कडक पाळतं ते शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत फोनला हात लावत नाही. आणि सुरुवात कशाने होते माहितीये का, घरातली बाई दिवा लावते, तिथून विश्रांती सुरू. तुझ्या घरी पण दिवा लागतोच की रोज. तुला नवीन काही आणायचं नाहीये, दिवा लागला की फोन ठेवला एवढंच जोडून द्यायचंय.

आता किती वेळ. इथे सगळे चुकतात, एकदम रविवारभर फोन बंद ठरवतात आणि अकरा वाजता घाबरेघुबरे होऊन चालू करतात. आपण सहज म्हणतो ना, ये घटकाभर बस. घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या साठ घटका. लग्नात पूर्वी घटिकापात्र ठेवायचे, बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. तू एक घटका घे. फक्त एक. जैन लोकांमध्ये सामायिक असतं, दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं एका जागी बसून, संसाराचं सगळं बाजूला ठेवून समतेत राहायचं, तुझ्या ओळखीत कोल्हापूर-सांगलीकडची कोणी जैन मैत्रीण असेल तर तिला विचार, तिची आजी रोज करत असेल. म्हणजे साधी घरातली माणसं, दुकान सांभाळणारी, स्वयंपाक करणारी, शतकानुशतकं एवढा वेळ काढत आलीत, त्याला हिमालय लागत नाही. तू दोन-तीन महिने एका घटकेवर राहा आणि मग वाटलंच तर दोन.

आणि त्या वेळेसाठी फोनवर टायमर लावू नकोस, कृपा करून. टायमर बंद करायला फोन उचलला की काय होतं ते तुलाही माहीत आहे, मलाही. उदबत्ती लाव. तुमच्या घरातली उदबत्ती किती मिनिटं जळते ते एकदा भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेव, बस. फोन दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला, उताणा नाही पालथा. जवळ ठेवून बघायचा नाही असं ठरवलं तर अर्धं मन त्याच्यावर पहारा देत बसतं, तो पण एक प्रकारचा जप होतो, चुकीच्या देवाचा.

तुझी भीती मला कळते, सासूबाईंना काही झालं तर, मुलाचा फोन आला तर. सासूबाई घरातच आहेत, त्या हाक मारतील, हाक ऐकायला फोन लागत नाही, उलट कानात काही नसेल तर पटकन ऐकू येईल. मुलासाठी असं कर, फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब असतं त्यात काही नंबरांना सूट देता येते, मुलगा, मिस्टर आणि सासूबाईंचे डॉक्टर एवढे तीन टाक, बाकी कोणी नको, नणंद रागावली तरी चालेल. आणि रिपीट कॉलर म्हणून एक सेटिंग असतं, अँड्रॉइडमध्ये १५ मिनिटांच्या आत त्याच नंबरावरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देतं, ते चालू ठेव, म्हणजे खरंच अडलेलं कोणी असेल तर ते दोनदा करेलच. घरातल्या कोणाला तरी हे लावून द्यायला सांग, पाच मिनिटांचं काम आहे.

एक मात्र सांभाळ. फोन ठेवला आणि हॉलमध्ये सिरीयल चालू असली तर काही उपयोग नाही, ते एकादशी अन् दुप्पट खाशी होतं. आणि इथे मुद्दा घरच्यांचा येतो. एकटीने मनातल्या मनात नियम केला की तो मोडायला कोणाचीच आडकाठी नसते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की गावातले टीव्ही, मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा वाजेपर्यंत. करोनात शाळा फोनवर गेली आणि मुलं फोनमधून बाहेरच येईनात म्हणून हे सुरू झालं. सुरुवातीला काही पुरुषांनी हसण्यावारी नेलं, बायकांनी मात्र उचलून धरलं, मग ग्रामपंचायतीची माणसं, आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगायला लागले आणि ते रुजलं. आता त्या गावाने काही अध्यात्म म्हणून हे केलेलं नाही, मुलांच्या अभ्यासासाठी केलं, पण बघ ना, वेळ तीच सांजवातीची निघाली, आणि हाक देवळातूनच गेली. मला त्यातलं काय आवडलं सांगू, भोंगा वाजल्यावर कोणाला स्वतःच्या निग्रहावर अवलंबून राहावं लागत नाही. शेजारच्या घरातला टीव्ही पण बंद झालेला असतो. तुझ्या घरात भोंगा नाही पण घंटा आहे. सासूबाईंना सांग की रोज साडेसातला तुम्ही घंटा वाजवायची आणि आम्ही दोघांनी फोन आत नेऊन ठेवायचे. त्यांना पण बरं वाटेल गं, आजारी माणसाकडे सगळे फक्त गोळ्या देण्याघेण्यापुरते येतात, त्यांच्याकडे घरातलं एक काम असू दे. आणि मिस्टरांना, जे तुला दहा दिवस पाठवायला तयार आहेत, त्यांना रोजच्या २४ मिनिटांत बरोबर बसायला सांग. नामस्मरण नको वाटत असेल तर नुसते बसू देत गॅलरीत.

इगतपुरीबद्दल. मी जाऊन आलेली आहे, २०१७ साली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तिथलं विपश्यना ध्यानाचं केंद्र, धम्मगिरी, १९७६ पासून चालू आहे, सत्यनारायण गोयंकाजींनी सुरू केलेलं, ते मूळचे ब्रह्मदेशातले, तिथे ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ ला भारतात येऊन शिकवायला लागले. पैसे घेत नाहीत, आधी करून गेलेल्या लोकांच्या दानावर चालतं. फोन, पुस्तक, वही, पेन सगळं पहिल्या दिवशी जमा करायचं. पहाटे चारला घंटा होते, साडेचारपासून बसायचं, रात्री साडेनऊला झोप. आर्यमौन असतं, बोलायचं तर नाहीच पण खुणा पण करायच्या नाहीत, ते दहाव्या दिवशी सुटतं. पहिले तीन दिवस तर काहीच करायचं नाही, नाकाशी येणारा जाणारा श्वास फक्त बघायचा. पहिले दोन दिवस माझा हात सारखा कमरेशी जायचा, तिथे पिशवीत फोन असायचा ना, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी जाणं बंद झालं, हे मला संध्याकाळी लक्षात आलं. तो एक मोठा अनुभव होता माझ्यासाठी, हाताला लागलेली सवय सुटते हे स्वतःच्या हातात बघितलं.

पण परत निघताना फोन हातात आला आणि इगतपुरी ते कल्याण एवढ्या प्रवासात मी दहा दिवसांचे सगळे मेसेज वाचून काढले. पंधरा दिवसांत मी होते तिथेच. दोष त्या शिबिराचा अजिबात नाही, ते लोक निघताना सांगतात की रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसा, मीच घरी त्यासाठी जागा, वेळ, माणसं काही ठरवलं नव्हतं. म्हणून माझं मत असं आहे की आधी घरातली घटका लावून घे, सहा महिने, आणि मग जा. तेव्हा ते दहा दिवस आधीच वाहणाऱ्या पाण्याला मिळतील. अजून एक, तिथे त्या दहा दिवसांत आपला नेहमीचा जप, पूजा, पाठ बाजूला ठेवायला सांगतात, कारण ती पद्धत शुद्ध स्वरूपात करून बघायची असते. ते त्यांच्या जागी योग्यच आहे, पण तू तर हरिपाठ हरवला म्हणून पत्र लिहिलंयस. तो परत सापडावा म्हणून जिथे तो दहा दिवस सोडावा लागेल तिथे आत्ताच जाणं मला बरोबर वाटत नाही. आणि सासूबाईंच्या तब्येतीत दहा दिवस निघणं तुला जमणार पण नाही, तू तिथे बसून त्यांचीच काळजी करशील.

आता ते तिसरं.

तू लिहिलंयस, आई गेली दीड वर्षापूर्वी, तेव्हापासून हे जरा जास्तच झालंय. एका ओळीत लिहून पुढे गेलीस. इगतपुरीला पाचव्या दिवशी मी दुपारच्या बैठकीत रडायला लागले ते थांबेचना, आणि रडू माझ्या भावाचं होतं, तो जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तो गेला तेव्हा मी रडले नव्हते, त्याच्या बायकोला सावरायचं होतं, कागदपत्रं होती, आणि नंतर रात्री झोप आली नाही की फोन हातात घ्यायचे. चार वर्षं मी तो उजेड चेहऱ्यावर पाडून घेत होते आणि मला वाटत होतं की मला फोनचं व्यसन लागलंय. फोन काढून घेतला तेव्हा खाली काय होतं ते दिसलं.

मला खात्रीने सांगता येत नाही की तुझंही तेच आहे, तुला तूच ओळखशील. पण विचार कर, तुझा हरिपाठ आईकडून आलेला. दिवा, ती वेळ, ते शब्द, ती चाल, सगळं आईचं. त्या वेळेला शांत बसलीस की तिची आठवण येणारच, बाजूला बसायची तशी. आणि नेमक्या त्याच वेळेला तुझा अंगठा खाली सरकायला लागतो. ऑफिसमध्ये काम होतं ना फोनशिवाय तुझं? स्वयंपाक होतो ना? अडतं ते दिव्यापुढेच. मला नाही वाटत हे देवाबद्दलच्या अनास्थेने होतंय. मला वाटतं तिथे बसलं की दुखतं, आणि फोन त्या दुखण्यापासून तुला बाजूला घेऊन जातो, थोडा वेळ.

म्हणून आधीच सांगून ठेवते, तू फोन आत ठेवून बसायला लागशील तेव्हा पहिले काही दिवस शांत वगैरे वाटणार नाही. हात शिवशिवतील, आपण काहीतरी महत्त्वाचं चुकवतोय असं वाटेल, चिडचिड होईल, आणि मग कधीतरी रडू येईल. तेव्हा उठू नकोस. साधना बिघडली असं समजू नकोस. देवापुढे रडायला परवानगी लागत नाही, आपल्याकडे तर संतांनीच पांडुरंगाला माउली म्हणून ठेवलंय, आईची आठवण घेऊन माउलीपुढे बसायचं नाही तर कुठे बसायचं. हरिपाठ त्या दिवशी एकाच अभंगावर थांबला तरी थांबू दे. उदबत्ती संपेपर्यंत बस आणि मग डोळे पुसून कुकर लाव.

पण हेही नीट ऐक. रडू आलं आणि ओसरलं तर ते बरं होण्याचं रडू आहे. आठवडेच्या आठवडे झोपच येत नाहीये, जेवण जात नाहीये, कशातच अर्थ नाही असं वाटत राहतंय, असं असेल तर हे साधनेवर सोडू नकोस, डॉक्टरला भेट, मानसोपचाराच्या डॉक्टरला, यात लाजण्यासारखं काही नाही, सासूबाईंचं हार्ट दाखवतो तसंच. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यासाठी फोन उचल, बिनधास्त उचल.

फोन पूर्ण सोडायचा का, हे राहिलंच. नको. मुलगा एवढ्या लांब, त्याचा चेहरा रात्री व्हिडिओवर दिसतो ते सुख कशाला सोडायचं. सकाळी डबे भरताना यूट्यूबवर कीर्तन ऐकतेस तर ऐक, चांगलंच आहे, आपल्या आयांना एका कीर्तनासाठी दुसऱ्या गावाला चालत जावं लागायचं. ऐकायचंय तर लावून फोन पालथा ठेव, कीर्तन कानाने ऐकायची गोष्ट आहे, डोळे पडद्यावर असले की शेजारचं दुसरं काहीतरी दिसतं. फक्त तिन्हीसांजेची ती घटका आणि झोपायच्या खोलीतून फोन बाहेर, एवढ्या दोनच गोष्टी. गजरासाठी साधं घड्याळ आण, दीड-दोनशे रुपयांत येतं.

आणि चुकेल गं मधेमधे. पाहुणे येतील, कोणी आजारी पडेल, चार दिवस खंड पडेल. पाचव्या दिवशी काही प्रायश्चित्त करत बसू नकोस, डबल जप वगैरे तर अजिबात नको, घंटा वाजली की फोन आत ठेव आणि बस.

राहता राहिली पोथी. लाज वाटते म्हणतेस, तर ऐक. ती पोथी तुझ्या आईने चाळीस-पन्नास वर्षं हाताळली असणार, कोपरे दुमडले असतील, कुठेतरी हळदीचं बोट लागलेलं असेल, मधे एखादी पावती, एखादं वाळलेलं तुळशीचं पान सापडेल. तिचंही मन भरकटत होतं आणि ती परत परत त्याच पानावर येत होती, त्याच्याच त्या खुणा आहेत. मोबाईलमधला हरिपाठ काढून टाक, तो नको आता. उद्या रविवार आहे, सकाळी स्टूल घेऊन वरचा खण उघड, मिस्टरांना स्टूल धरायला सांग. जुन्या पोथ्यांचा कागद पिवळा पडून कडक होतो, पानं सावकाश उलट, शिवण सुटली असेल तर सुई-दोऱ्याने एक टाका घालून घे, सेलोटेप लावू नकोस, त्याने कागद खराब होतो. आणि अक्षर बारीक असेल, चष्मा जवळ घेऊन बस.